‘रॉकी’त बॉक्सिंग किती आणि अ‍ॅड्रियन किती

१९७६चा ‘रॉकी’ म्हटलं की फिलाडेल्फियाच्या कला संग्रहालयाच्या पायऱ्या, पेल्यातली कच्ची अंडी आणि बिल कॉन्टीचं संगीत आठवतं. पण दोन तासांच्या या सिनेमात रॉकी लढायला रिंगमध्ये उतरतो फक्त दोनदा. सुरुवातीला स्पायडर रिकोशी, तेही हातात जेमतेम चाळीस डॉलर पडावेत म्हणून, आणि शेवटी जगज्जेत्या अपोलो क्रीडशी. मधे आहे पाळीव प्राण्यांच्या दुकानात काम करणारी, नजर वर न करणारी अ‍ॅड्रियन. खरा सिनेमा तिचा आहे.

प्रसंगांचा क्रम बघा. क्रीडशी लढायचं निमंत्रण रॉकीच्या कानावर येतं ते अ‍ॅड्रियनला पहिल्यांदा घरी नेल्यानंतर. उलट क्रम लावला असता तर ‘नशीब उघडलं, म्हणून पोरगीही मिळाली’ असा अर्थ निघाला असता. इथे तिने होकार दिलाय तो गल्लीतल्या वसुली करणाऱ्या गुंडाला, म्हणजे निमंत्रण येण्याआधीच्या रॉकीला.

त्या रात्रीचा बर्फाच्या रिंकमधला प्रसंग पटकथा लिहिणाऱ्यांनी तुकडे करून अभ्यासावा. मूळ कल्पना भरगच्च रिंकची होती, पण सिनेमाचं बजेट दहा लाख डॉलरच्या आसपास. एवढे एक्स्ट्रा परवडणार कुठून? म्हणून रिंक बंद झालेला दाखवला. रॉकी तिथल्या माणसाला दहा डॉलर देऊन दहा मिनिटं मिळवतो. ती स्केट्सवर, तो साध्या बुटांत तिच्या शेजारी धावतोय, बडबडतोय आणि तो माणूस उरलेली मिनिटं ओरडून सांगतोय. वेळेचा हा ताण फुकटात मिळाला. गर्दी असती तर कॅमेरा गर्दीतच हरवला असता.

पुढे सराव. पहाटेच्या पहिल्या धावण्यात तो त्या पायऱ्या कशाबशा चढतो, कूस धरून. ज्या धावण्यात तो वर पोचून हात उंचावतो, ते येतं अ‍ॅड्रियन भावाचं घर सोडून त्याच्याकडे राहायला आल्यावर. दोन्हींच्या मधे त्या भावाने, पॉलीने, बेसबॉलच्या बॅटने घरात केलेला धिंगाणा आहे. तो प्रसंग काढून टाका, गाणं तेच ठेवा. मग उरेल नुसता व्यायाम.

सगळ्यात मोलाची जागा मात्र लढतीच्या आदल्या रात्रीची. रॉकी रिकाम्या स्टेडियममध्ये जाऊन येतो आणि अ‍ॅड्रियनला सांगतो, मी त्याला हरवू शकत नाही. पंधरा फेऱ्या संपेपर्यंत पायांवर उभा राहिलो तरी पुरे. हे तो प्रशिक्षक मिकीला सांगत नाही, पत्रकारांना सांगत नाही. जिंकण्याची व्याख्या ठरते ती या दोघांत. (आज जगज्जेतेपदाच्या लढती बारा फेऱ्यांच्या असतात. पंधराव्या फेरीचं वजन कळायला एवढं माहीत हवं.)

बहुतेक खेळपट नेमके इथे फसतात. नायिकेला प्रेक्षकांत बसवतात, नायक पडला की तिचे पाणावलेले डोळे दाखवतात. गोष्ट मात्र धावफलकावरच चालू राहते, तिला वगळलं तरी कुणाचं अडत नाही. ‘रॉकी’त ती लढतीचा बहुतेक वेळ आत ड्रेसिंगरूममध्ये असते, शेवटच्या फेऱ्यांत बाहेर येते. निकाल पुकारला जात असताना रॉकी तिच्या नावाने ओरडत असतो. पंचांचा कौल विभागून क्रीडकडे जातो, पण तो गोंगाटात बुडालेला. दिग्दर्शक जॉन अ‍ॅव्हिल्डसन यांनी तो मुद्दाम बुडू दिलाय, कारण हिशेब आदल्या रात्रीच ठरलाय. ती गर्दीतून वाट काढत पोचते, टोपी वाटेत पडलेली. त्याचा पहिला प्रश्न, तुझी टोपी कुठाय? डोळे सुजून बंद झालेल्या माणसाला हे दिसतं, यापुढे प्रेमाचा वेगळा संवाद लागतो का?

शेवट आधी वेगळा होता. दोघं हातात हात घालून निघून जातात, असा. पोस्टरवरचं पाठमोरं जोडपं त्यातलंच.

१९७९च्या दुसऱ्या भागात हीच युक्ती पुन्हा वापरली आहे. बाळंतपणानंतर कोमात गेलेली अ‍ॅड्रियन शुद्धीवर येऊन ‘जिंक’ म्हणते, तेव्हाच खरा सराव सुरू होतो. काम होतं, पण सांधा उघडा दिसतो.