सांगली, बामणोली, महाबळेश्वर: चालतं घर घेऊन चार दिवस आणि वाटेतली दुरुस्ती

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं सांगलीहून निघालो: मी, बायको, मुलगी आणि आप्पा. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आयुष्यभर एसटी चालवली. आमची गाडी म्हणजे मोटरहोम: जुनी ट्रॅव्हलर मिनीबस घेऊन तिच्यात बिछाना, ओटा, फ्रिज आणि पाण्याची टाकी बसवून घेतलेलं घर. बदलाची नोंद आरसीवर करून घेतली आहे आणि ती करूनच घ्या, नाहीतर विम्याच्या वेळी अडचण येते. सांगली, सातारा, बामणोली, वाई, महाबळेश्वर, मेढा आणि परत, असा आमचा फेरा होता. कुठे काय पाहिलं हे थोडक्यात सांगतो. अशी गाडी घेऊन याच वाटेनं कुणी निघालं तर उपयोगी पडेल ते सविस्तर लिहितो.

आष्ट्यावरून पेठ नाक्याला महामार्ग गाठला आणि कराडच्या अलीकडे वजनकाटा दिसला तिथे गाडी घातली. हा ऊसपट्टा आहे, काटा शोधावा लागत नाही. गाडी तयार झाल्यापासून मी काटा केलाच नव्हता. आधी पुढची चाकं काट्यावर घेतली, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. पुढे १,५४० किलो, मागे २,६१०, एकूण ४,१५०. आरसीवर एकूण मर्यादा ४,२००, त्यामुळे मी निश्चिंत झालो होतो. काट्यावरचे काका म्हणाले, "साहेब, मागं लई वजन हाय. एक्सलचं बघा की."

एक्सल म्हणजे दोन बाजूंची चाकं जोडणारा आस. कंपनीच्या पुस्तकात मागच्या एक्सलची मर्यादा २,४५० किलो आहे. म्हणजे एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा एक्सल १६० किलो जादा भार ओढत होता. मागचे टायर नेहमी जास्त तापतात, हे मी वर्षभर हवेवर ढकलत आलो होतो. कारण मागे बसलेलं होतं. दीडशे लिटरची टाकी काठोकाठ भरलेली, म्हणजे दीडशे किलो. तिच्याशेजारी इन्व्हर्टरला असतात तशा दोन ट्युब्युलर बॅटऱ्या, एकेक पन्नास-पंचावन्न किलोची. त्यात टाकी एक्सलच्याही मागे लटकलेली. अशा जागी ठेवलेला १०० किलोचा भार एक्सलवर १०० पेक्षा जास्त पडतो, कारण तो गाडीचं नाक उचलतो. सी-सॉवर टोकाला बसलेल्या पोरासारखंच हे आहे.

तिथेच ११० लिटर पाणी शेजारच्या झाडांना सोडलं, तीस किलोची हत्यारांची पेटी मागच्या डिकीतून काढून ड्रायव्हरच्या सीटमागे घेतली आणि पुन्हा काटा केला. पुढे १,६०० आणि मागे २,४४०. एवढ्याशा बदलात गाडीचं स्टेअरिंग वेगळं लागायला लागलं. आधी पुढची चाकं हलकी पडून महामार्गावर गाडी भरकटल्यासारखी वाटायची, ते थांबलं. मोटरहोमवाल्यांना मी आता पहिलं हेच विचारतो: काटा केलाय का, आणि दोन्ही एक्सलचा वेगवेगळा केलाय का? पाणी मुक्कामाच्या गावाजवळ भरा. घाटाखालून वर पाणी वाहून नेण्यात काही अर्थ नाही.

टायरचं एक इथेच सांगतो. अशा गाड्या फिरतात कमी आणि उभ्या जास्त राहतात, म्हणून टायर झिजून जात नाहीत, म्हातारे होऊन जातात. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ सालातला तेविसावा आठवडा. नक्षी कितीही चांगली असली तरी पाच-सहा वर्षं झाली आणि भिंतीवर बारीक भेगा दिसल्या की टायर बदला. स्टेपनीचाही आकडा बघा, ती सगळ्यात जुनी निघते. हवा सकाळी निघण्यापूर्वी, टायर थंड असताना तपासा.

साताऱ्यात पेढे घेतले, बाकी थांबलो नाही. समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा घाट चढून कासला गेलो. कासचं पठार डिसेंबरात वाळलेलं असतं. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला, त्यात कासही आहे. फुलांचा हंगाम पावसाळ्याच्या शेवटी असतो आणि तेव्हा तिथे मोठ्या गाडीला जागा मिळेल अशी आशा धरू नका. आम्हाला मात्र रिकामा रस्ता, वारा आणि कास तलाव एवढंच हवं होतं. तिथून खाली उतरलं की बामणोली. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय इथपर्यंत आला आहे. एका घरमालकांची परवानगी घेऊन त्यांच्या अंगणाच्या कडेला गाडी लावली.

त्या रात्री दोन गोष्टी बिघडल्या. पहिली म्हणजे फ्रिज. साडेअकराला तो बंद पडला. बॅटरीवरचा मीटर १२.२ व्होल्ट दाखवत होता, म्हणजे ट्युब्युलर बॅटरीत निम्मा साठा शिल्लक होता. पूर्वी अशा वेळी मी बॅटरी खराब झाली असं समजून नवी घ्यायला पळालो असतो. या वेळी मल्टिमीटर फ्रिजच्या मागच्या टोकाला लावला आणि कॉम्प्रेसर सुरू होऊ पाहत असताना बघितलं तर १०.३! जवळपास दोन व्होल्ट वाटेतच संपत होते.

हे का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. आमच्या वायरमननं घरातली दीड चौरस मिलिमीटरची वायर ओढली होती. घरात २३० व्होल्टला एक व्होल्ट पडला तर कुणाला कळतही नाही. १२ व्होल्टच्या गाडीत तोच एक व्होल्ट म्हणजे बारावा हिस्सा. बॅटरी ते फ्रिज सात मीटर, जाऊन-येऊन चौदा मीटर तांबं, फ्रिजची ओढ सहा अँपिअर: जवळपास एक व्होल्ट इथेच जातो. उरलेला एक व्होल्ट मधल्या एका जोडात जात होता. वायर पिळून वर टेप गुंडाळलेला तो जोड होता. हात लावला तर चटका बसला. तो जोड कापून नळीचा लग, म्हणजे दोन टोकं जोडणारी धातूची नळी, घालून दाबून बसवला, तेव्हा फ्रिज चालू झाला. पण हे तात्पुरतं. खरा उपाय म्हणजे सहा चौरस मिलिमीटरची बारीक तारांची वायर, तिच्यात हीच घट पाव व्होल्टवर येते. एकतारी वायर गाडीत घालूच नका, हादऱ्यांनी ती आतून तुटते आणि वरून अखंड दिसते. आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात फ्यूज हवाच. तो फ्रिजजवळ बसवला तर मधल्या सात मीटर वायरीला कुणीच राखणदार उरत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याच्या पंपाची. नळ बंद असताना दर पाच-सहा मिनिटांनी पंप टक्-टक् करून थांबायचा. आपल्या गाड्यांत १२ व्होल्टचा डायफ्रॅम पंप असतो. दाब भरला की स्वतः बंद होतो, दाब उतरला की चालू होतो. नळ बंद असून तो चालू होत असेल तर कुठेतरी पाणी झिरपतंय, किंवा पंपातलाच व्हॉल्व्ह पाणी मागे सोडतोय. शोधायची सोपी पद्धत अशी: प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू पेपर ठेवा आणि अर्ध्या तासानं बघा. आमचा ओला कागद ओट्याखाली सापडला. तिथे सोल्युशननं चिकटवलेला पीव्हीसीचा एल्बो तडकला होता. घरातली भिंत हलत नाही, म्हणून तिथे हा जोड टिकतो. गाडीत लवचिक पाईप आणि क्लॅम्पच टिकतो.

आमच्या भागात फिरणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मोटरहोमचे सुटे भाग विकणारं दुकान इथे नसेल, पण शेतीपंपाचं आणि ठिबकचं दुकान प्रत्येक बाजारपेठेत असतं. १९१० साली वसलेली किर्लोस्करवाडी आमच्या सांगली जिल्ह्यातली, नांगर आणि पंपांची विद्या इथल्या मातीत मुरलेली आहे. अर्धा इंची जाळीचा पाईप, पितळी बार्ब, स्टीलचे क्लॅम्प, गाळणी, कॉक, सगळं तिथे मिळतं. त्याहून मोठी सोय म्हणजे पाठीवरच्या बॅटरीच्या फवारणी पंपात असतो तोही बहुधा १२ व्होल्टचा डायफ्रॅम पंपच, दाब भरला की बंद होणारा. धार बारीक पडते, पण आपला पंप जळाला तर त्यावर सहल निभावते. दुसऱ्या दिवशी साताऱ्यात अशाच दुकानातून मी पाईप, चार क्लॅम्प आणि पंपाआधी बसवायची जाळीची गाळणी घेतली. ही गाळणी नसेल तर टाकीतला प्लास्टिकचा कीस पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो.

तिसऱ्या दिवशी साताऱ्याहून वाई. मेणवलीच्या घाटावर दोन तास शांत गेले. मग पसरणीचा घाट चढून पाचगणी. चढताना इंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकला तर एसी बंद करा, खालचा गिअर घ्या, आणि थांबावं लागलं तर इंजिन दोन-चार मिनिटं तसंच चालू ठेवा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका.

महाबळेश्वरला थंडी चांगलीच होती. राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ साली आलं, पण रात्री उभं राहायला जागा अजून स्वतःच ओळखीनं किंवा हॉटेलवाल्यांना विचारूनच मिळवावी लागते. थंडी वाजते म्हणून खिडक्या बंद करून गॅसची शेगडी पेटती ठेवायची, हे कृपा करून कधीही करू नका. बंद जागेत कार्बन मोनॉक्साईड साठतो, त्याला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. त्याचा अलार्म हजार-दोन हजारांचा असेल, तो बसवा. गळणारा स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी हवी. नळी आयएस ९५७३ छापलेली घ्या आणि पाच वर्षांनी बदला. प्रत्येक सहलीआधी साबणाचं पाणी जोडांना लावून बुडबुडे बघा. काडी पेटवून गळती शोधणारे लोक मी पाहिले आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

छताबद्दल दोन ओळी. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तिथे पावसाळ्यात जायचं असेल तर मे महिन्यातच छतावर चढा. पंख्याच्या आणि सोलर पॅनलच्या पायाभोवतीचं सीलंट नखानं उचलून बघा. जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन धरत नाही, सगळं खरवडून काढावं लागतं. आत डाग जिथे दिसतो तिथेच वर भोक असेल असं नाही, पाणी पत्र्याखालून दोन-तीन फूट चालत येतं.

चौथ्या दिवशी केळघर घाटानं मेढ्याकडे उतरलो आणि इथे माझी चूक झाली. मी बोलण्याच्या नादात तिसऱ्या गिअरमध्ये ब्रेकवर उतरत होतो. आप्पा मागून म्हणाले, "वास येतोय. थांबव." पेडलही नेहमीपेक्षा खोल जात होतं. रुंद जागा बघून गाडी बाजूला घेतली, पहिल्या गिअरमध्ये ठेवली आणि चाकांना लाकडी ठोकळे लावले. मला बाटलीतलं पाणी ओतायचा मोह झाला, पण तापलेला ड्रम पाण्यानं तडकतो. पाऊण तास थांबलो.

पेडल खोल जाण्याचं कारण अनेकदा ब्रेक ऑईलमध्ये असतं. हे ऑईल हवेतली ओल पितं. ताजं डॉट-३ प्रतीचं ऑईल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल प्यायलेलं १४० च्या आसपास उकळू लागतं. डॉट-४ चे हेच आकडे २३० आणि १५५. उकळलं की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, चाकापर्यंत जोर पोचत नाही. माझ्या गाडीतलं ऑईल चार वर्षं बदललेलं नव्हतं. किलोमीटर कमी झाले म्हणून राहिलं, पण ओल किलोमीटर मोजत नाही. दर दोन वर्षांनी बदलाच.

पुढचा सगळा घाट आप्पांनी गाडी उतरवली. दुसरा गिअर, एक्सलरेटरवरून पाय काढलेला. ब्रेक मधूनमधून, ठाम दाबून लगेच सोडून द्यायचा. "ज्या गिअरात चढतोस त्याच गिअरात उतरायचं. एवढं घर पाठीवर घेतलंयस, त्याला इंजिनानं धरायचं, ब्रेकनं नाही." उतारावर इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये सोडणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की इंजिन थांबलं की ब्रेकला मिळणारी व्हॅक्युमची मदत दोन-तीन दाबांत संपते.

मेढ्याहून साताऱ्याला आणि तिथून अंधार पडायच्या आत कराड ओलांडलं. ऊसतोडीच्या हंगामात रात्री या पट्ट्यात गाडी चालवू नका. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला मागे दिवा असेलच असं नाही, आणि कांडी पडलेल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की चाक घसरतं. उसाच्या फडाजवळ मुक्काम केलात तर सकाळी बॉनेट उघडून वायरी बघा. उंदीर एका रात्रीत काम करतात.

घरी आल्यावर पहिल्याच रविवारी ब्रेक ऑईल बदललं आणि फ्रिजला सहाची वायर ओढली. दोन्ही ट्युब्युलर काढून १०० अँपिअर-अवरची एक लिथियम फॉस्फेट बॅटरी घ्यायची ठरवली आहे. ती बारा-तेरा किलोची असते, म्हणजे मागच्या एक्सलवरून जवळपास शंभर किलो उतरतील. तिच्यासोबत डीसी-टू-डीसी चार्जर घ्यावा लागेल. लिथियम बॅटरी सरळ अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनावर वीज तयार करणाऱ्या यंत्राला, जोडली तर ती इतका करंट ओढते की अल्टरनेटर जळू शकतो.

जानेवारीच्या शेवटी पाटणमार्गे कोयनानगरला जायचं आहे. वाटेत तोच काटा लागतो. टाकी पाव भरून तिथे गाडी घालणार आहे, आणि या वेळची पावती आरसीच्या पाकिटात ठेवणार आहे.