तुम्ही विचारलंत म्हणून: साखर तोडली की गाठ वाळते का?

अंबाजोगाईला मी जीवरसायनशास्त्र शिकवते. त्यामुळे लग्नात, दहाव्याला, एसटीत, कुठंही कुणीतरी बाजूला घेतं आणि विचारतं, "मॅडम, साखर पूर्ण तोडली तर कॅन्सरची गाठ वाळते म्हणं. खरंय का?" नाही वाळत. पण काकांचं झाल्यापासून तेवढं सांगून मला गप्प बसवत नाही.

काका केज तालुक्यातले. आयुष्यभर कारखान्याला ऊस घातला. मोठ्या आतड्यात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, यकृतावरही ठिपके दिसले म्हणून किमो सुरू झाली. दुसऱ्या किमोनंतर कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ पाठवला: साखर म्हणजे कॅन्सरचं खाद्य. झालं! चहातली साखर गेली, मग गूळ, मग केळी, आणि शेवटी "पोटात गेल्यावर तिची बी साखरच व्हती" म्हणून भाकरी. मी भेटायला गेले तर कपबशी हातात धरून पहिला प्रश्न, "ह्याच्यात साखर टाकली न्हाईस ना माय?" मनगटातलं घड्याळ सैल होऊन कोपराकडं घसरत होतं. 58 किलोचा माणूस 51 वर आलेला. चौथ्या किमोला डॉक्टरांनी वजन बघितलं आणि आधी जेवायला लागा म्हणून माघारी पाठवलं.

व्हिडिओत अर्धं खरं असतं, म्हणूनच तो चालतो. कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज अधाशासारखं ओढतात हे ऑटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञानं 1920च्या दशकातच दाखवलं. पेट स्कॅनमध्ये (ग्लुकोजसारखा किरणोत्सारी पदार्थ टोचून काढलेल्या चित्रात) गाठ उजळते तीही त्याच खोडीमुळं. पण तुम्ही जेवला नाहीत म्हणून रक्तातलं ग्लुकोज संपत नाही. यकृत स्नायूंची प्रथिनं मोडून ते तयार करतं. काकांची गाठ उपाशी राहिली नाही. मांड्या तेवढ्या वाळल्या. (साखर खा कितीही, असंही मी म्हणत नाही. लठ्ठपणा आणि मधुमेहानं या कॅन्सरचा धोका वाढतो.)

आता गंमत अशी, की आतड्याच्या कॅन्सरचा आणि साखरेचा खरंच जवळचा संबंध आहे, फक्त ती साखर डब्यातली नाही. पेशीच्या अंगावर साखरेच्या साखळ्यांची लव असते. काकांना सांगताना मी त्यांचं रक्तगटाचं कार्ड काढलं. ए आणि बी गटात फरक काय, तर तांबड्या पेशीवरच्या साखळीच्या टोकाची एक साखर. तेवढ्या फरकानं चुकीचं रक्त चढलं तर जीव जातो. म्हणजे शरीर आपला-परका ओळखताना ही लव चाचपून बघतं.

या साखळ्यांच्या टोकाला पुष्कळदा सायलिक आम्ल नावाची साखर असते. गावात नवखा माणूस शिरला की पारावरचे म्हातारे विचारतात, "कुणाकडचं पाव्हणं?" रोगप्रतिकारक पेशी तेच करतात. त्यांच्या अंगावर सिग्लेक नावाची प्रथिनं असतात. त्यांच्या हाताला सायलिक आम्ल लागलं की पेशीला आतून निरोप जातो: घरचंच आहे, सोड. निरोगी पेशी अशाच वाचतात. आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी हीच खूण अंगभर चढवतात. गाठ मारायला आलेल्या एनके (नॅचरल किलर) या रोगप्रतिकारक पेशींवर सिग्लेक-7 आणि 9 असतात. तो हात या थराला लागला की त्यांची धार जाते. गाठीभोवतीच्या, स्वतः कॅन्सर नसलेल्या आधार-पेशींवरही हा थर दाट झालेला सापडतो. म्हणजे पाव्हणाच नाही, त्याला ओसरी देणाराही सामील.

काका ऐकून म्हणाले, "म्हंजे चोर घरचा, अन् टोपी बी घरचीच."

हे सायलिक आम्ल पेशी स्वतःच बनवते. चहातली साखर बंद करून ती टोपी उतरत नाही.

काकांच्या पिशवीतल्या रिपोर्टातही हीच साखर होती. गाठीवर लक्ष ठेवायला दर तीन महिन्यांनी रक्तात मोजतात तो सीईए, म्हणजे गाठीच्या पेशी सोडतात ते एक प्रथिन, 1965 साली मॉन्ट्रियलच्या फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांनी मोठ्या आतड्याच्या गाठींमध्येच शोधला. त्या प्रथिनाचं निम्म्याच्या आसपास वजन साखरेचंच.

घरात दुसरी कुरकुर होती: "ते इम्युनोथेरपीचं महाग इंजेक्शन आपल्याला का देत न्हाईत?" म्हणजे शरीराच्याच रोगप्रतिकारक पेशींना गाठीवर सोडणारं औषध. डॉक्टर काही लपवत नव्हते. ते इंजेक्शन चालतं ते मुख्यतः ज्यांच्या गाठीत डीएनए दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेली असते त्यांना, आणि पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये असे शंभरात चार-पाचच. हा बिघाड बघणाऱ्या तपासणीला एमएसआय म्हणतात; काकांचा रिपोर्ट त्यातला नव्हता. (तुमच्या माणसाची ही तपासणी झाली नसेल तर जरूर विचारा.) उरलेल्या पंच्याण्णवांच्या गाठी दाद का देत नाहीत याचं कारण शोधताना आता साखरेच्या थराकडंही बघतात. कॅरोलिन बर्टोझी, ज्यांना 2022चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं, त्यांच्या प्रयोगशाळेनं सायलिक आम्ल छाटणारं विकर (एन्झाइम) गाठीची पेशी ओळखून तिला चिकटणाऱ्या अँटिबॉडी या प्रथिनाला जोडून थेट गाठीवर पाठवलं. उसाचं पाचट सोलावं तसं. उंदरांमध्ये गाठी मंदावल्या. माणसांत अशा औषधांच्या चाचण्या सुरुवातीच्या पायरीवर आहेत, त्यामुळं कुणी "साखर काढणारं औषध" म्हणून बाटली विकायला आला तर त्याला दारातूनच परत लावा.

तीन आठवड्यांत काकांचं वजन दीड किलोनं वाढलं आणि राहिलेली किमो लागली. चहा अजून बिनसाखरेचाच पितात. भाकरीवर मात्र तूप आणि गुळाचा हा एवढा खडा असतो. गूळ म्हणजे साखर नव्हे, असं त्यांचं ठाम मत आहे. मी वाद घातला नाही.