डार्लिंग्टन 1950: टायरवर जिंकलेली रेस

मे महिन्यात आम्हाला नागपूरहून मुंबईला जायचं होतं, समृद्धी महामार्गानं, मी, बायको आणि दोन पोरं. निघायच्या आदल्या संध्याकाळी बाबा खाली पार्किंगमध्ये गेले, गाडीजवळ उकिडवे बसले आणि पुढच्या उजव्या टायरवरून तळहात फिरवला. आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एकीकडून हात सरळ निघून गेला, दुसरीकडून अडकला, म्हणजे रबराला कड आली होती. मग मोबाईलचा टॉर्च मागितला आणि साइडवॉलवरचा चार आकडी नंबर वाचला, 1817. म्हणजे 2017 सालच्या अठराव्या आठवड्यात बनलेला टायर. मला म्हणाले, "हे टायर घेऊन समृद्धीवर जाशील? काऊन, घरी परत याचं नाही का तुले?"

बाबांनी नागपूरजवळच्या वाडीला 31 वर्षं टायर रिमोल्डिंगचं, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवायचं काम केलंय. अमरावती रोडवरचे ट्रक, कोळशाचे, संत्र्याचे, लोखंडाचे, सगळ्यांचे गोटा झालेले टायर त्यांच्या हाताखालून गेलेत. दुकानात शिरलं की बफिंग मशिनवर घासल्या जाणाऱ्या रबराचा वास नाकात बसायचा आणि शाळेच्या शर्टालासुद्धा तोच वास असायचा. टॉमीनं, म्हणजे लोखंडी दांड्यानं, टायरवर एक ठोका मारून बाबा आवाजावरून सांगायचे की आतला थर सुटलाय का शाबूत आहे. म्हणून टायरच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालायचा नसतो, रात्री साडेआठला जाऊन चारही टायर बदलून आणले. आणि जेवताना मी त्यांना पहिल्यांदा डार्लिंग्टनची गोष्ट सांगितली, जी मला कितीतरी वर्षं सांगायची होती, आणि का सांगितली नाही तेच कळत नाही, कारण अख्ख्या घरात ती समजणारा माणूस एकच.

तर ऐका. अमेरिकेत साउथ कॅरोलायना राज्यात डार्लिंग्टन नावाचं छोटं गाव आहे, कापूस आणि भुईमुगाचा मुलुख. तिथला हॅरोल्ड ब्रॅसिंग्टन नावाचा माणूस 1933 साली इंडियानापोलिसची 500 मैलांची रेस बघून आला आणि ती त्याच्या डोक्यातून गेलीच नाही. पण ती रेस खास बनवलेल्या गाड्यांची. याच्या मनात होतं की आपल्याकडे साध्या गाड्यांची, म्हणजे शोरूममधून निघून रस्त्यावर धावतात त्याच गाड्यांची 500 मैलांची रेस व्हावी. तोपर्यंत दक्षिणेत असल्या रेसेस व्हायच्या त्या बहुतेक मातीच्या छोट्या ट्रॅकवर, तेवढ्यात संपायच्या. असल्या रेसेस भरवणारी नास्कार ही संस्थासुद्धा 1948 ची, म्हणजे तेव्हा अगदी कोवळी. ब्रॅसिंग्टननं शर्मन रॅमसे नावाच्या शेतकऱ्याकडून 70 एकर जमीन घेतली, पण रॅमसेची एक अट होती, त्या जमिनीच्या एका टोकाला त्याचं माशांचं तळं होतं, त्याला हात लावायचा नाही.

मग तळं राहिलं आणि ट्रॅक वाकला. एका टोकाची वळणं मोठी, मोकळी, आणि तळ्याकडच्या टोकाची आवळलेली. अंड्यासारखा आकार. आजही तो ट्रॅक तसाच आहे आणि आजही ड्रायव्हर त्याच्या नावानं घाबरतात, कारण एका टोकाला जमणारी गाडी दुसऱ्या टोकाला जमत नाही. आपल्या भंडारा गोंदियाकडे मालगुजारी तलाव ज्यांनी पाहिलेत त्यांना रॅमसेची अट चटकन समजेल, मासे असलेलं तळं कुणी असं सहज बुजवू देत नाही. मला तर ही या रेसची सगळ्यात आवडती गोष्ट वाटते, टायरच्या गोष्टीनंतर.

4 सप्टेंबर 1950, त्यांचा लेबर डे, सुट्टीचा दिवस, उन्हाचा कडाका. सुमारे 25,000 लोक जमले. सुरुवातीला एका रांगेत तीन अशा 25 रांगा, एकूण 75 गाड्या! सव्वा मैलाचा ट्रॅक, 400 फेऱ्या. सगळ्यात पुढे कर्टिस टर्नर, त्याच्या मागे एकाहून एक ताकदवान ओल्ड्समोबिल आणि कॅडिलॅक, मोठी व्ही-एट इंजिनं, सरळ रस्त्यावर यांना कोण पकडणार. आणि 43 व्या जागेवर जॉनी मँट्झ नावाचा कॅलिफोर्नियाचा ड्रायव्हर, काळी प्लायमाउथ घेऊन. सहा सिलेंडरची हलकी गाडी, शंभर हॉर्सपॉवरसुद्धा नाही. गाडीवर नंबर 98 ज्युनिअर.

आता इथून पुढे बाबांनी जेवण थांबवलं, पोळीचा तुकडा हातात तसाच.

कारण तेव्हा गाड्यांना टायर होते ते साधे, रस्त्यावरचे, आत ट्यूब. आणि ओव्हल, म्हणजे लंबगोल ट्रॅकवर गाडी सतत डावीकडेच वळते, 500 मैल नुसतं डावीकडे, म्हणजे प्रत्येक वळणावर गाडीचं सगळं वजन उजव्या बाजूला जाऊन पडतं, आणि त्यातही पुढच्या उजव्या टायरवर सगळ्यात जास्त. वजनदार गाडी, जास्त स्पीड, वरून ऊन, खाली डांबर. टायर नुसता झिजत नाही, तो प्रत्येक फेरीत चेपतो आणि सुटतो, चेपतो आणि सुटतो, त्यानं आतून तापतो, आणि एकदा आतला थर सुटला की फाटलाच. बाबा म्हणाले, "मग फुटले असतीन धडाधड." धडाधडच फुटले. असं सांगतात की टीमवाल्यांकडचे टायर संपले तेव्हा ते मैदानात उभ्या असलेल्या प्रेक्षकांच्या गाड्यांचे टायर काढून आणायला लागले. लोक रेस बघायला आले आणि त्यांच्याच गाडीचे टायर ट्रॅकवर फिरून राहिले.

रेड बायरन त्यात होता, त्याचं नाव मला मुद्दाम सांगायचंय. दुसऱ्या महायुद्धात विमानात बसून लढलेला माणूस, पाय असा जखमी झाला की रेसिंगमध्ये तो पाय क्लचपाशी बांधून गाडी चालवायचा, आणि तसाच 1949 चा चॅम्पियन झाला. या रेसमध्ये तो कॅडिलॅक घेऊन होता आणि त्याच्या एकट्याचे 24 टायर गेले म्हणतात. 24! म्हणजे पूर्ण गाडीचे टायर सहा वेळा. तरी तिसरा आला. त्या माणसाबद्दल मला फार वाटतं.

आणि मँट्झनं काय केलं? तो इंडियानापोलिसला चालवून आलेला होता, 500 मैल म्हणजे काय असतं ते त्यानं अंगावर घेतलेलं होतं. त्यानं प्लायमाउथला कडक रबराचे टायर लावले, ट्रकचे म्हणतात. कडक रबराला पकड कमी असते, वळणावर गाडी सरकते, एका फेरीच्या हिशोबानं तो तोटाच. पण झिजत नाही. त्यात गाडी हलकी. वरच्या गाड्या धावायच्या, फाटायच्या, आत यायच्या, जॅक लावा, नट काढा, चाक बदला, परत धावा, परत फाटा. हा खालच्या बाजूनं एका लयीत फिरून राहिला. पन्नासाव्या फेरीच्या सुमारास तो पहिला झाला आणि त्यानंतर शेवटपर्यंत पहिलाच राहिला. 43 व्या नंबरवरून. कोणालाच अंगावर जाऊन ओव्हरटेक न करता म्हटलं तरी चालेल, कारण पुढचे सगळे जॅकवर होते.

जिंकायला त्याला 6 तास 38 मिनिटं 40 सेकंद लागली. दुसरा आला फायरबॉल रॉबर्ट्स, तो 9 फेऱ्या मागे. 9 फेऱ्या म्हणजे 18 किलोमीटर, म्हणजे मँट्झ नागपूरच्या झिरो माइलला पोचला तेव्हा दुसरा नंबर अजून कामठीच्या पलीकडे होता असं समजा.

आणि आता तो आकडा, ज्याच्यामुळे मला ही गोष्ट त्याच रात्री सांगावीशी वाटली. मँट्झचा सरासरी वेग ताशी 75.25 मैल, म्हणजे 121 किलोमीटर. समृद्धीवर कारला लिमिट आहे 120. आणि 500 मैल म्हणजे 805 किलोमीटर, समृद्धी नागपूर ते मुंबई 701. म्हणजे आपण आज फॅमिलीला घेऊन, एसी लावून, गाणी ऐकत ज्या वेगानं जातो त्या वेगानं जाऊन 1950 साली एक माणूस अमेरिकेतली सगळ्यात मोठी स्टॉक कार, म्हणजे त्या साध्या गाड्यांची रेस जिंकला, आणि त्या वेगाच्या वर गेलेल्यांचे टायर टिकले नाहीत. आपले आजचे टायर रेडियल असतात, कितीतरी चांगले, मान्य. पण आमच्याकडे मे महिन्यात 45-46 डिग्री असते, समृद्धीचं काँक्रीट दुपारी तव्यासारखं तापतं, आणि आपण 2017 चे टायर लावून, वर्षभर हवा न तपासता, चार माणसं आणि डिकीभर सामान घेऊन सलग तीन तास 120 नं पळवतो. गाडीचा इन्शुरन्स विचारतात, मायलेज विचारतात, स्क्रीन किती इंचाची विचारतात. टायरचा आठवडा मला आजपर्यंत बाबा सोडून कोणी विचारला नाही. तुम्ही आत्ता खाली जाऊन बघा, अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन साल. आणि हवा सकाळी गाडी थंड असताना भरा, पंपावर पोचेपर्यंत टायर तापला की आकडा खोटा दिसतो, हे बाबांचं दुकानात येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला सांगणं असायचं.

गोष्ट संपल्यावर बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. हात धुवून आले, चष्मा शोधला, आणि म्हणाले, "फोटो असन ना त्या गाडीचा?" मी काळा-पांढरा फोटो काढून दिला, ती काळी प्लायमाउथ, दारावर 98 ज्युनिअर. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. मँट्झचा चेहरा सोडून दिला, नंबर सोडून दिला, सरळ खाली चाकावर गेले आणि तिथंच थांबले.

"हा तं डावा हाय," म्हणाले. "पुढचा उजवा दिसन असा दुसरा काढ."

सकाळी पाचला निघायचं होतं आणि रात्री साडेअकरापर्यंत आम्ही दोघं तोच फोटो शोधत बसलो होतो.