बेल्ट नवा, पंप जुना

गणपतीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत कोल्हापुरातल्या गॅरेजवाल्याला जेवायला फुरसत नसते. पुण्या-मुंबईकडचे चाकरमानी हायवेनं येतात, त्यातले बरेच आमच्या इथून गगनबावड्याकडे वळतात. वर्षभर सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात उभ्या असलेल्या गाड्या नेमक्या याच दिवसांत पाच माणसं आणि टपावर मखराचं सामान घेऊन घाट उतरायला निघतात. मग ब्रेक, क्लच, तापलेली इंजिनं, सगळं एकदमच दारात येतं.

त्या संध्याकाळी रेनोची पांढरी डस्टर आली. डिझेल, लाखाच्या पुढे चाललेली. मालक पुण्याचे, गाव देवगडकडचं. उतरल्या उतरल्या म्हणाले, "मिस्त्री, पाणी कमी होतंय थोडं. कूलंट भरा आणि कुठं क्लिप ढिली असेल तर आवळा, लगेच निघायचंय." कऱ्हाडच्या आसपास टेम्परेचर चढलं म्हणून त्यांनी बिसलरीच्या दोन बाटल्या कूलंटच्या टाकीत ओतल्या होत्या. त्याआधी पुण्यात थर्मोस्टॅट आणि टाकीचं झाकण बदलून झालं होतं. फरक शून्य.

तापलेल्या गाडीच्या टाकीचं झाकण मी उघडत नाही, कुणी कितीही घाई करू दे. तासभर बॉनेट उघडं ठेवून गाडी थंड होऊ दिली. ऑइलच्या झाकणाखाली पांढरा साय-फेस नाही, डिपस्टिकवर ऑइल काळं पण स्वच्छ, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. म्हणजे इंजिनाच्या आत पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणाऱ्या हेड गॅस्केटचा संशय तूर्त बाजूला. पाणी बाहेरच कुठंतरी जात होतं, पण खाली एक थेंब दिसत नव्हता. असं लीकेज सगळ्यात वाईट. टाकीवर प्रेशर टेस्टर लावला, सव्वा बारपर्यंत हवा भरली आणि काटा बघत बसलो. काटा सावकाश खाली येत होता. उजव्या चाकाच्या आत, क्रँक पुलीच्या बाजूला बॅटरी मारली, तर टायमिंग बेल्टच्या, म्हणजे क्रँक या मुख्य दांड्यावरून वॉल्व्ह उघडणारा कॅम फिरवणाऱ्या पट्ट्याच्या, खालच्या कव्हरच्या कडेला गुलाबी पापुद्रा धरलेला. कूलंट सुकलं की मागं असा डाग राहतो.

वरचं कव्हर सोडवलं आणि तो गोडसर वास आला. आत बेल्टवर कंपनीची छपाई अजून वाचता येत होती, म्हणजे बेल्ट फार जुना नव्हता. पण एका बाजूनं ओला, आणि त्याच कडेला दोऱ्याची झुलपं निघालेली. नव्या बेल्टची कड अशी उसवत नाही. त्याला कुणीतरी वाकडं ओढत असतं.

"बेल्ट तर दीड वर्षापूर्वीच बदललाय," मालक म्हणाले आणि मोबाइलवर बिल काढून दाखवलं. बिलात टायमिंग बेल्ट होता, त्याला ताण देणारा टेन्शनर होता, मजुरी होती. कूलंट फिरवणारा वॉटर पंप नव्हता. तिथल्या मिस्त्रीनं विचारलं होतं म्हणे, पण पंप गळत नव्हता, मग कशाला, असं ठरलं.

माझं सगळं भांडण इथंच आहे. हे १.५ डीसीआय इंजिन, के९के म्हणतात ते, आपल्याकडे डस्टरमध्ये आलं, टेरानोत आलं, सनी-मायक्रात आलं, लोगन आणि व्हेरिटोतही. २०२० साली बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आले तेव्हा रेनोनं इथं डिझेल बंद केलं, पण गाड्या अजून रस्त्यावर पळतात. यात वॉटर पंप बाहेरच्या फॅन बेल्टवर नाही, टायमिंग बेल्टवरच फिरतो. म्हणजे पंप बदलायचा तर चाक काढा, पुली काढा, इंजिनाखाली लाकडी ठोकळा देऊन जॅक लावा, उजवं माउंटिंग उतरवा, दोन्ही कव्हरं काढा, बेल्ट उतरवा. आणि बेल्ट बदलायचा तरी हेच सगळं. इतकं उघडल्यावर समोर दिसणारा पंप तसाच ठेवून कव्हर लावणं म्हणजे पाहुण्याला दारापर्यंत आणून परत पाठवण्यासारखं. वर नव्या बेल्टचा ताण नीट असतो, जुन्या बेल्टपेक्षा जास्त, आणि तो येतो थेट त्या पंपाच्या म्हाताऱ्या बेअरिंगवर.

मालकांना हे सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते, पण नजर घड्याळावर. "देवगडपर्यंत जाईल ना? तिथं उतरून बघतो."

मग मी त्यांना घाटाचं सांगितलं. बेल्ट तुटला की कॅम थांबतो, क्रँक फिरतच राहतो, आणि या इंजिनात पिस्टन वर येऊन उघड्या वॉल्व्हला ठोकतो. वॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं, हे पुष्कळांना ऐकून माहीत असतं. पण ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंपही त्याच कॅमच्या टोकावर बसलाय, हे फार थोड्यांना माहीत असतं. उतारावर इंजिन मेलं की दोन-तीनदा पॅडल दाबेपर्यंत ब्रेक लागतो, नंतर पॅडल दगड होतं. स्टिअरिंगही जड. भरलेली गाडी, पाऊस आणि गगनबावड्याच्या खालची वळणं. यावर ते काही बोलले नाहीत.

बोलल्या त्या मागच्या सीटवरच्या आजी. "झिला, सकाळपर्यंत होतली मा गाडी?"

"होईल आजी. पार्ट मिळाला तर."

पार्ट मिळवणं हेच अर्धं काम होतं. सणाची खरेदी, दुकानं लवकर बंद. पहिल्या दुकानातून हेल्परनं बॉक्स आणला, तो मी हातात घेऊनच परत पाठवला. छपाई फिकट, बेल्टच्या दात्यांवरचं कापड हातानं चोळलं तर सुटत होतं. बनावट टायमिंग बेल्ट विकणाऱ्याला काय म्हणावं ते इथं लिहिता येणार नाही. दुसरीकडे एका ओळखीच्या दुकानदारानं शटर परत वर केलं आणि पंपासकट पूर्ण किट दिलं: बेल्ट, टेन्शनर, पंप, गॅस्केट. क्रँक पुलीचा बोल्टही नवा आणायला सांगितला होता. तो एकदा आवळला की ताणला जातो, पुन्हा वापरायचा नसतो.

रात्री नऊला हात घातला. टायमिंगचं काम मी पिना लावूनच करतो. ब्लॉकवरचा प्लग काढून तिथं क्रँकची पिन, वर कॅमच्या चाकातल्या भोकातून हेडमध्ये दुसरी पिन. दोन्ही बसल्या की इंजिन जागेवर उभं. व्हाइटनरचे ठिपके मारून बेल्ट बदलणारे चांगले हात मी पाहिलेत, त्यांचं चालतंही. मला त्यात झोप येत नाही. एका दाताची चूक म्हणजे गाडी धूर मारते, दोन-तीन दात म्हणजे पहिल्याच सेल्फला ठोक.

बेल्ट उतरवला आणि पंपाचं चाक दोन बोटांत धरून हलवलं. हललं. वर-खाली चांगलाच प्ले, आणि फिरवलं तर वाळू भरल्यासारखं खरखर. मालकांना बोलावून त्यांच्याच हातात ते चाक दिलं. पंपाच्या अंगावर सीलच्या मागं एक बारीक भोक असतं, ते मुद्दाम ठेवलेलं. सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर यावं म्हणून. त्या भोकाभोवती गुलाबी-पांढरा थर इतका साचला होता की नखानं खरवडला तर खपली निघाली. म्हणजे पंप बरेच दिवस सांगत होता, पण कव्हरच्या आत. यात गाडीचा दोष नाही. पंप आपलं वय पुरं करून बसला होता.

जुनं गॅस्केट खरवडायला सगळ्यात जास्त वेळ गेला. तिथं ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला तर नवा पंपही गळणार. पंपाचे बोल्ट लहान, दहा-अकरा न्यूटन मीटर इतक्याच हलक्या जोरानं आवळायचे. हातानं जोर लावणारा माणूस तिथं हमखास आटे घालवतो. ओला झालेला बेल्ट चांगला दिसत असला तरी परत घालायचा प्रश्नच नव्हता, रबरात मुरलेलं कूलंट पुसून निघत नाही. टेन्शनरची खूण जुळवली, पिना काढल्या, पान्यानं हातानंच इंजिनाला दोन पूर्ण फेरे दिले आणि पिना परत घालून बघितल्या. दोन फेरे एवढ्यासाठी की क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एकच होतो, तेव्हा कुठं सगळं मूळ जागी येतं. पिना लोण्यात गेल्यासारख्या बसल्या. याच वेळी लाईट गेली. क्रँकचा बोल्ट मालकांनी धरलेल्या मोबाइलच्या उजेडात आवळला, आधी जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्यानं, मग वर ठरलेले अंश फिरवून.

नवं कूलंट भरून, हवा काढून, हीटर फुल्ल लावून गाडी चालू केली तेव्हा दोन वाजत आले होते. हीटरमधून गरम हवा आली, फॅन लागला, बंद झाला, परत लागला. पातळी जिथल्या तिथं. रात्री घाट उतरू नका म्हटलं, धुकं असतं. आजी बाकड्यावर गोधडी घेऊन कधीच झोपल्या होत्या.

बिलावर थोडी घासाघीस झाली, ती व्हायचीच. किटच्या पावत्या दाखवल्या. पंपाची वेगळी मजुरी लावली नव्हती, ती ओळ त्यांनी स्वतःच शोधली आणि गप्प झाले. जुना पंप त्यांनी मागून घेतला. पुण्यात कुणाला तरी दाखवणार होते.

पहाटे थंड इंजिनावर पातळी पुन्हा बघून गाडी सोडली. दहाच्या सुमारास वैभववाडीतून फोन. माझ्या पोटात गोळा. तर म्हणाले, पाणी एक थेंब हललेलं नाही, पण एसी जरा कमी मारतोय, काल तुम्ही काही सोडलं होतं का? म्हटलं, नाही हो, गॅस कमी असेल. परतीला या, बघू. आणि तोवर खिडक्या उघड्या ठेवा.