पूरिया धनाश्री, खुर्च्यांच्या आवाजासह

रविवार, रात्री पावणेबारा

डासांनी घोटे फोडून काढलेत आणि झोपेचा पत्ता नाही. म्हणून वही उघडली.

ठाण्यातल्या उपवन तलावाकाठच्या महोत्सवाला मी दर जानेवारीत जाते, पण जाते ती साडेसातच्या पुढे. मोठं नाव आठला गायला बसतं. त्याआधीच्या ‘नवोदितां’साठी कोण धावपळ करणार! आज मात्र साडेचारलाच घराबाहेर पडले, कारण वरच्या मजल्यावरची मुलगी गाणार होती. तिची आई पत्रिका घेऊन स्वतः खाली आली होती. “वहिनी, तुम्ही याच हं. तुम्हाला गाण्यातलं कळतं.” पत्रिकेत मुलीचं नाव खालून दुसऱ्या ओळीत, प्रायोजकांच्या जरासं वर.

मला कळतं म्हणजे काय, तर गांधर्व महाविद्यालयाच्या गाण्याच्या परीक्षा मध्यमा पूर्णपर्यंत दिल्या, मग लग्न झालं आणि पेटी माळ्यावर गेली. शिवाय एक गोष्ट तिच्या आईला ठाऊक नसावी असं मी धरून चालले होते. गेल्या वर्षी सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ‘पहाटे साडेपाचचा आवाज कृपया बंद व्हावा.’ त्याखाली जे सात-आठ अंगठे पडले, त्यातला एक माझा. आवाज कसला, खर्ज लावायची ती मुलगी, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज. मला तो ओळखू येत होता आणि तरी अंगठा दिला. त्या आठवड्यात झोप होत नव्हती, एवढंच. तेव्हापासून ती खिडक्या लावून गाते, मे महिन्यातसुद्धा.

नौपाड्याहून रिक्षा कॅडबरी जंक्शनला अडकली ती अडकलीच. वर्तकनगरच्या पुढे उतरून चालत गेले.

वेळ होता म्हणून स्टॉल बघितले. दागिने, मातीची भांडी, पाच मिनिटांत तुमचं चित्र काढून देणारे दोघे. वारली चित्रांच्या स्टॉलवर मात्र बराच वेळ उभी राहिले. येऊरच्या पाड्यांवर वारली लोकांची वस्ती आहे, म्हणजे तलावापासून हाकेच्या अंतरावर, आणि आपण ठाणेकर हे चित्र ओळखतो ते कुर्त्यांवरून. मूळचं ते लग्नघराच्या भिंतीवरचं. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, टोक ठेचलेली बांबूची काडी, आणि ते चित्र ‘लिहिणाऱ्या’ सवाष्णी. जिव्या सोमा म्हशे यांनी १९७०च्या दशकात ते कागदावर आणलं आणि जगभर नेलं. स्टॉलवरची बाई कापडी पिशवीवर बाटलीतल्या पांढऱ्या रंगाने तारपा नाच काढत होती. मी आपलं शहाणपण दाखवलं, “तांदळाचं पीठ नाही वापरत?” मान वर न करता ती म्हणाली, “पिशवी धुवायची असते ना, ताई.” घेतली एक मुकाट्याने.

लहान मंच पाण्याच्या अगदी काठाला होता. समोर शंभर खुर्च्या, त्यांत वीसेक माणसं, त्यांतली निम्मी तिची नातेवाईक. येऊरच्या डोंगराआड सूर्य गेला की उपवनला अंधार झपकन येतो आणि हवा ओलसर होते. पाच मिनिटांत तबल्याचा सूर उतरला. तबलजी हातोडीने गट्टे, म्हणजे बाजूचे लाकडी ठोकळे, ठोकून घेतोय, मग गजऱ्यावर, वरच्या कडेच्या वेणीवर, बारीक बारीक ठोके, तोवर तानपुऱ्याची एक तार हललेली. तिच्या वाट्याच्या चाळीस मिनिटांतली सहा त्यातच गेली. महापालिकेच्या पं. राम मराठे समारोहात निदान गडकरी रंगायतनच्या भिंती तरी असतात. इथे पलीकडच्या मोठ्या मंचावर ‘हॅलो, चेक, चेक’ चाललेलं, आणि आठच्या गर्दीसाठी पोरं खुर्च्या ओढून लावतायत.

बसल्या बसल्या डोक्यात आलं, नवोदितांच्या वाट्याला नेहमी हीच वेळ येते. रात्रीचे राग मोठ्यांचे. (अर्थात उघड्यावर दहाला ध्वनिक्षेपक बंद, त्यामुळे दरबारीसारख्या उत्तररात्रीच्या रागाच्या खऱ्या वेळेला आपण रिक्षा शोधत असतो.) पोरांना मिळते सांजवेळ, म्हणजे मारवा, श्री, पूरिया धनाश्री. कोमल रिषभ, म्हणजे उतरलेला ‘रे’, आणि तीव्र मध्यम, म्हणजे चढलेला ‘म’, सगळे निसरडे दगड. यमन गाऊन निभावता येतं, तिथे कान सवयीने साथ देतो. इथे रिषभ केसाएवढा चढला तरी रागाचा चेहराच बदलतो. सगळ्यात कठीण वेळ सगळ्यात नवख्या गळ्याला, आणि तीही खुर्च्यांच्या खडखडाटात.

तिने पूरिया धनाश्रीच धरला. मला माहीतच होतं. दिवाळीपासून रोज दिवेलागणीला स्वयंपाकघराच्या डक्टमधून तो खाली येतोय. इतकी ऐकलीय मी तिला की तिची चुकायची जागासुद्धा पाठ झालीय. पंचमावरून, म्हणजे ‘प’वरून, उतरताना ‘म ग, म रे ग’ असं यायचं, तर तिथे रिषभ तिच्या हातून वर सरकतो. ती थांबते. पुन्हा पंचमावर जाते. पुन्हा सरकतो. एकदा मी मोजलं होतं, सतरा वेळा.

विलंबित, म्हणजे संथ लयीतला, एकताल सुरू झाला. एक आवर्तन, तालाचा एक फेरा, म्हणजे जवळजवळ मिनिट; शेवटच्या जलद चिजेची, द्रुतची, वेळ वगळली तर तिच्या हातात मोजून वीस आवर्तनं. पहिल्या चार-पाचांत ती त्या जागेच्या जवळ येऊन बाजूने निघून गेली. निषाद, रिषभ, गंधार, सगळं खाली खाली. मी पिशवीचे बंद घट्ट धरून बसलेली. मग पंचमावर आली, थांबली, आणि उतरली. मध्यम, गंधार, परत मध्यम, आणि रिषभ. बरोबर जागेवर. तिने तो सोडला नाही, धरून ठेवला, अर्धं आवर्तन तरी असेल. मागे कुणीतरी लोखंडी खुर्ची फरशीवरून ओढली, तरी तो हलला नाही. मग अलगद गंधार.

माझ्या तोंडून ‘वा’ इतक्या जोरात गेला की पुढच्या गृहस्थांनी वळून बघितलं. टाळ्या बाकी कुणाच्याच नव्हत्या. त्या आल्या दहा मिनिटांनी, द्रुतमधल्या तानेला.

गाणं झाल्यावर ती शोधत आली आणि वाकून नमस्कार केला. कपाळावर घाम, हातात पुष्पगुच्छ आणि कसलीतरी ट्रॉफी. मी म्हटलं, “रिषभ लागला गं!” ती हसली. “काकू, घरी मी त्या जागेवर आले की तुमचा मिक्सर बंद होतो. डक्टमधून वरही ऐकू येतं. त्यावरून कळायचं मला, तुम्ही वाट बघताय.”

मला काही सुचेना. मी तिला वारलीची पिशवी दिली.

आठचं गाणं छान झालं. दहाला पाच कमी असताना शेवटची भैरवी, मग रिक्षेसाठी अर्धा तास. अंगठ्याचं काही मी तिच्याशी बोलले नाही. आत्ता ग्रुप उघडून गेल्या वर्षीचा तो मेसेज शोधला. त्यावर बोट ठेवलं की खाली सगळी नावं दिसतात, आणि ती त्या ग्रुपवर पहिल्यापासून आहे.