जुन्या सायकलचं मागचं फ्रीव्हील: जुनं उतरलं, नवं चढलं

सद्यस्थिती: सहा गिअरचं जुनं फ्रीव्हील (मागच्या दातेरी चक्रांचा आट्यांनी बसणारा गठ्ठा) हबवरून, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावरून, निघालं, १४ ते २८ दातांचं नवं बसलं. चेनही नवी घातली आहे. डिरेल्युअरची (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाची) शेवटची जुळवणी बाकी आहे.

हत्यार घेण्याआधी मागे फ्रीव्हील आहे की कॅसेट (हबवर सरकवून बसवलेली चक्रं), हे बघावं. चाक हातात धरून चक्रं उलटी फिरवायची आणि मधल्या, हत्यार बसायच्या खाचांवर नजर ठेवायची. खाचा चक्रांसोबत फिरल्या तर कॅसेट, जागच्या जागी राहिल्या तर फ्रीव्हील. कॅसेट काढताना चक्रं धरून ठेवायला चेन-व्हिप (चेनचा तुकडा लावलेला दांडा) लागतो. फ्रीव्हीलला त्याची गरज नाही.

रिमूव्हर, म्हणजे खाचांत बसणारं काढायचं हत्यार, मात्र त्याच फ्रीव्हीलचा हवा. शिमानोच्या बऱ्याच फ्रीव्हीलना बारा खाचांचा रिमूव्हर लागतो, तर सनटूरच्या जुन्या फ्रीव्हीलना दोन किंवा चार खाचांचा. दोन खाचांचा प्रकार सगळ्यात नाजूक. रिमूव्हर जरा तिरका बसला तरी खाचेची कड तुटते, आणि मग फ्रीव्हील फोडण्याशिवाय इलाज उरत नाही. म्हणून क्विक रिलीजचा दांडा स्प्रिंगा काढून परत घालायचा किंवा एक्सलचा नट लावायचा, आणि रिमूव्हर खाचांत पूर्ण दाबून बसवायचा. एक्सलवरचा लॉकनट किंवा स्पेसर आडवा येत असेल तर तो आधी काढावा. अर्धवट बसलेल्या रिमूव्हरवर जोर लावू नये.

पेडल मारताना फ्रीव्हील स्वतःच आवळत जातं. त्यामुळे वर्षानुवर्षं चाललेल्या चाकावर ते प्रचंड घट्ट असतं. आट्यांत आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडून ठेवावं. मग रिमूव्हर व्हाइसमध्ये उभा पकडायचा, चाक त्यावर आडवं ठेवायचं (चक्रं खाली), रिम दोन्ही हातांनी लांब धरायची आणि वरून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेला फिरवायचं. चाकाचा पूर्ण व्यास हीच इथली तरफ आहे. छोट्या पान्याने झटापट करण्यात अर्थ नाही. ‘कट्’ असा आवाज येऊन फ्रीव्हील सुटलं की तिथेच थांबायचं आणि नट सैल करायचा. तसंच फिरवत राहिलात तर फ्रीव्हील नटावर दाबलं जातं आणि दांडा ताणला जातो किंवा रिमूव्हर खराब होतो.

खाचा गेल्याच असतील तर पुढचं झाकण दोन छिद्रांत पंच ठेवून ठोकून काढतात. त्याचे आटे उलटे असतात, म्हणजे ते घड्याळाच्या दिशेने सुटतं. आतून बारीक छर्रे सांडतात आणि कुत्री (चक्रं एकाच दिशेने अडवणारे छोटे खटके) निघतात, म्हणून खाली फडकं अंथरावं. उरलेला आतला भाग व्हाइसमध्ये पकडून चाक फिरवायचं. हे फ्रीव्हील मग परत वापरायचं नाही.

हब उघडा पडला की उजवीकडचे स्पोक तपासून घ्यावेत, कारण तुटका स्पोक बदलायला ही सर्वांत सोयीची वेळ. एक्सल हाताने फिरवून वाकडा नाही ना हेही बघावं. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवं बेअरिंग बरंच आत असतं, त्यामुळे एक्सल त्या बाजूला वाकतो, तुटतोही.

बसवताना आटे ब्रशने साफ करून भरपूर ग्रीस लावावं. बहुतेक हबांवर १.३७ इंच व्यास आणि इंचाला २४ आटे असतात. जुन्या फ्रेंच हबांवर वेगळे, ३४.७ मिमी व्यासाचे असू शकतात, तिथे जबरदस्तीने हबच जातो. स्पोकचं संरक्षक कडं असेल तर ते आधी घालावं. फ्रीव्हील आधी थोडं उलटं फिरवायचं. आटा पडल्याची जाणीव झाली की हातानेच सुलट आवळत न्यायचं. दोन-तीन फेऱ्या हलक्या गेल्या नाहीत तर उतरवून पुन्हा सुरुवात करायची. ॲल्युमिनियमच्या हबचे आटे एकदा चुकले की गेले. शेवटचं आवळणं पेडल करतंच.

जुनी चेन चक्रांसोबतच काढली. तिची १२ इंचांची लांबी १२ १/८ इंच भरत होती. एवढी ताणलेली चेन नव्या चक्रांचे दात खाते, आणि नवी चेन जुन्या चक्रांवर जोर लावताच उड्या मारते.

आता राहिलं ते तपासणं. सर्वांत लहान चक्रावर चेन फ्रेमला घासत असेल तर उजव्या बाजूला १ मिमीचा वॉशर घालावा आणि रिम पुन्हा मध्यावर आणावी. लिमिट स्क्रू (डिरेल्युअर किती आत-बाहेर जाईल हे ठरवणारे) आधी स्टँडवर जुळवून घ्यावेत, चेन स्पोकमध्ये जाता कामा नये. मग जोर लावून चढावर चालवावं आणि पुन्हा तपासावं: त्या जोराने फ्रीव्हील आणखी थोडं आत सरकतं, आणि आतला लिमिट स्क्रू त्यानंतरच पक्का करायचा.