चोरी कोस्टा रिकात, डोकेदुखी पुण्यात

सान होसेच्या बसमधून लॅपटॉपची बॅग गेली त्याचं दुःख दोन दिवसांत ओसरलं. विमा कंपनीवरचा राग मात्र अजून आहे.

रस्त्यावर फुएर्सा पुब्लिकाचा, म्हणजे तिथल्या गस्तीच्या पोलिसांचा, निळ्या गणवेशातला शिपाई भेटला. त्याने ऐकून घेतलं आणि तक्रार नोंदवायला ओआयजेकडे (तिथली न्यायालयीन तपास संस्था) पाठवलं. तिथे तक्रार झाली, शिक्क्याची प्रत मिळाली. (प्रत मागून घ्याच. लॅपटॉपचा सीरियल नंबरही तक्रारीत घालायला सांगा, पुढे तोच उपयोगी पडतो.)

पुण्यात परतल्यावर क्लेम केला, तर उत्तर आलं : "हा कागद कोर्टाचा आहे. पोलिसांचा एफआयआर पाठवा."

मी लिहिलं, तिथे तपासाचे पोलीस कोर्टाच्याच हाताखाली असतात. पुन्हा उत्तर : "पोलीस स्टेशनचा शिक्का हवा." मग फोन. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून पुराण. कोस्टा रिकाने 1 डिसेंबर 1948 ला सैन्य बरखास्त केलं, 1949 च्या राज्यघटनेच्या कलम 12 ने कायमस्वरूपी सैन्यावर बंदीच घातली. पोलीसही एकाच साहेबाच्या हाती नाहीत. गस्त आणि बंदोबस्त फुएर्सा पुब्लिकाकडे, ती सार्वजनिक सुरक्षा मंत्रालयाची. चोरी-खुनाचा तपास ओआयजेकडे, ती सर्वोच्च न्यायालयाच्या अखत्यारीत; सरकारचा मंत्री तिला हुकूम देऊ शकत नाही. इमिग्रेशनचे पोलीस वेगळे, तुरुंगाचे वेगळे. एवढं सगळं ऐकून पलीकडून प्रश्न : "मॅडम, मग मेन पोलीस कोणते?"

एकाने तर तिथल्या पोलीस आयुक्तांचं पत्र आणायला सांगितलं. मी फोन ठेवून दिला. आपल्याकडे खाकी म्हणजे सगळं एकच, हे त्यांच्या फॉर्ममध्येच छापलेलं होतं; त्यात 'न्यायालयीन तपास संस्था' या नावाला रकानाच नव्हता.

शेवटी तक्रारीचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर, ओआयजेच्या कायद्यातली संबंधित कलमं आणि एक खरमरीत पत्र थेट तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवलं. फोनवर वाद घालू नका, पहिल्याच दिवशी लेखी द्या आणि पोच घ्या. पैसे आले, घसारा कापून.

आणि तिथे गाडी भाड्याने घेणार असाल तर ध्यानात ठेवा, अपघाताचा कागद वाहतूक पोलीस देतात. ते बांधकाम आणि वाहतूक मंत्रालयाचे. म्हणजे तुमच्या विमा कंपनीला तो कागदही पोलिसांचा वाटणार नाही.